चित्रात नसलेले खिसे

डिझायनरबाईंनी काढलेल्या चित्रात त्या ड्रेसला खिसे नव्हते. तीन ड्रेस शिवून, इस्त्री करून हँगरला लागले, आणि दोन्ही बाजूंना वीतभर खोल खिसे आहेत हे कुणाच्या म्हणजे कुणाच्या लक्षात आलं नाही. शिवणाऱ्या काकूंच्याही नाही. आता तुम्ही म्हणाल, ज्या बाईने स्वतःच्या हाताने खिसा कापला, जोडला, त्यावर टीप मारली, तिला कळलं कसं नाही? तर सवयीचं असंच असतं. रोज घराला कुलूप लावणाऱ्या माणसाला अर्ध्या रस्त्यात आठवत नाही, लावलं की नाही. लावलेलं असतं.

काकू एका सिनेमा स्टुडिओच्या कपडेपटात सव्वीस वर्षं होत्या. दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातली खोली, तीन मशिनं, एक इस्त्री आणि कधीच न उघडणारी खिडकी. कुठल्या हिरोच्या खांद्यात किती कापूस भरलाय आणि कुठल्या राजाचं पोट पट्ट्याने आवळलंय हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी ते कधी कुणाला सांगितलं नाही. सगळा स्टुडिओ त्यांना काकू म्हणायचा, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा.

नव्या सिनेमाची नायिका एक स्वमग्न मुलगी होती. म्हणजे गोष्टीतली. ते काम करणारी पोरगी मापं द्यायला आली तेव्हा काकूंनी टेप लावली आणि त्यांना हसूच आलं. खांदा तोच, छाती तीच, उंचीत बोटभर फरक. घरच्या लेकीचंच माप! मग नव्याने कागद कापत बसण्यापेक्षा त्यांनी दुसऱ्या दिवशी घरून लेकीच्या ड्रेसची कागदी कटिंग आणली, कापडावर पसरली, खडू फिरवला, कात्री चालवली. त्या कटिंगला खिशाचा कागद टाचणीने लावलेलाच होता. हातांनी तोही कापला. डोकं त्या वेळी दुसरीकडे होतं.

डोकं कुठे होतं ते सांगायचं तर लेकीबद्दल सांगायला हवं. तिला घरात ठकी म्हणत. पाहुण्यांसमोर लाकडी बाहुलीसारखी गप्प बसायची म्हणून आजोबांनी ठेवलेलं नाव. आजोबा कधी घरातल्या शिवणाच्या खोलीत डोकावले असते तर हे नाव त्यांनी ठेवलंच नसतं. काकू मशिनवर बॉबिन भरायला घेत, ती छोटीशी रिकामी चकती गरागरा फिरे, दोरा चढत जाई, आणि शेजारी उभ्या ठकीचे दोन्ही हात कोपरापासून फडफडायला लागत. टाचा वर, डोळे बॉबिनवर, आणि तोंडातून बारीक 'ई' असा सूर. काकूंना ते पाहायला इतकं आवडायचं की पुष्कळदा त्या भरलेली बॉबिन गुपचूप उलगडायच्या आणि पुन्हा भरायच्या.

पुढे डॉक्टरांनी 'स्वमग्न' हा शब्द दिला. नवऱ्याने तो ऐकला आणि वर्षाच्या आत दुसऱ्या शहरात नोकरी शोधली. तो गेला तो गेलाच. काकूंचं त्या शब्दाशी कधी जमलं नाही. "स्वतःत कसली मग्न? एक दिवस चहात साखर विसरले तर बया मला तीन दिवस ऐकवते," असं त्या म्हणत. ठकी आता चोवीस वर्षांची होती आणि एका ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत फाटकी पुस्तकं चिकटवण्याचं काम करत होती.

पाच वर्षांपूर्वी मायलेकी एका गाजलेल्या सिनेमाला गेल्या होत्या. गाजलेला कसला, गाजवलेला. त्यातला मुलगा असाच होता. मोठमोठे गुणाकार तोंडी करायचा, आणि मधल्या वेळात हात फडफडवत दारांवर आपटायचा. तो आपटला की मागे 'टुंग' असं वाजायचं आणि अख्खं थिएटर हसायचं. माणसं वाईट नव्हती, त्यांना हसायला सांगितलं होतं म्हणून हसली. बाहेर पडताना ठकीने विचारलं, "आई, मी अशी दिसते?" काकू म्हणाल्या, "छे गं, तू किती गोड दिसतेस." ते उत्तर त्या प्रश्नाचं नव्हतं, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर आठवड्याभराने ठकी म्हणाली, "माझ्या सगळ्या कपड्यांना खिसे लाव. खोल." लेक आपणहून काही मागतेय म्हणून काकूंना कोण आनंद! चाव्या राहतील, बसचा पास राहील, म्हणत त्यांनी दोन दिवसांत खिसे लावून टाकले. त्याच सुमाराला ठकीचे हात शांत झाले. बॉबिन फिरायची आणि ती खिशात हात घालून नुसती बघायची. डॉक्टर म्हणाले, "छान प्रगती आहे." काकूंनी त्यांना घरी केलेला केक नेऊन दिला. खिशांची अस्तरं मात्र दर दोन महिन्यांनी तळाशी फाटायची. "चाव्या टोचतात वाटतं," म्हणत काकू नवी लावायच्या.

तर, डोकं कुठे होतं? ते ठकीच्या एका प्रश्नात अडकलं होतं. नव्या सिनेमाबद्दल कळल्यापासून ती रोज संध्याकाळी विचारायची, "त्या मुलीला लोक हसतील का?"

"अगं, अजून सिनेमा झालाच नाही. कसं सांगू?"

"मग झाल्यावर सांग."

काकूंना या खेपेला फक्त एक शब्द हवा होता. 'नाही' असं म्हणता यायला हवं होतं. पण शिवणारीला गोष्टीत कोण विचारतं?

शूटिंगच्या पहिल्या दिवशी त्या सुई-दोरा घेऊन सेटवर एका खुर्चीत बसल्या होत्या. कुठे बटण तुटलं, कुठे शिवण उसवली, तर हाताशी असावं म्हणून. दिग्दर्शक तरुण होता, मनाने वाईट नव्हता, आणि या विषयावर त्याने चार पुस्तकं वाचली होती हे दर दहा मिनिटांनी सांगत होता. प्रसंग असा होता की घरात खूप माणसं येतात, गलका होतो, मुलगी घाबरते आणि हात फडफडवते. नायिकेने फोनवर व्हिडिओ पाहून ते शिकून घेतलं होतं. तिने केलं.

"अजून जोरात," दिग्दर्शक म्हणाला. "शेवटच्या रांगेला दिसलं पाहिजे."

तिने अजून जोरात केलं. तिसऱ्या वेळी शिडीवरच्या लाइटवाल्याने खालच्या मित्राकडे बघून तशीच हातांची नक्कल केली. दोघं-चौघं फिदीफिदी हसले. नायिकेने ते पाहिलं. 'कट' झाल्यावर तिचे हात क्षणभर हवेतच राहिले. मग खाली आले, ड्रेसच्या बाजूंवर चाचपडले, आणि खिसे सापडताच मनगटापर्यंत आत गेले. आत मुठी आवळल्या गेल्या. खिशाच्या तळाशी कापड ताणलं.

ते ताणलेलं कापड काकूंनी ओळखलं. पाच वर्षं त्या तेच कापड बदलत होत्या. चाव्या नव्हत्याच टोचत. मांडीवरची सुई कुठे गेली तेही त्यांना कळलं नाही.

"हात कुठे गेले?" दिग्दर्शक ओरडला. "सगळं हातांवर आहे आणि हे खिसे कुठून आले? चित्रात होते?"

डिझायनरबाईंनी डोळे वटारले. "काकू! हा काय प्रकार आहे?"

'चुकलं' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. सव्वीस वर्षांत काकू सेटवर 'बाही सैल करू का' याहून लांब वाक्य बोलल्या नव्हत्या. आता त्या उभ्या राहिल्या.

"माझ्या मुलीच्या कपड्यांना असतात. सवयीने लागले. तीही अशीच आहे. पाच वर्षांपूर्वी आम्ही असाच एक सिनेमा पाहिला, लोक हसले, आणि तिने माझ्याकडून खिसे शिवून घेतले. कशाला, ते मला आत्ता कळतंय. इथे, तुमच्यासमोर."

लाइटवाला शिडीवरून उतरला आणि उगाच वायर गुंडाळत बसला. दिग्दर्शकाने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "जेवणाची सुट्टी," तो म्हणाला. मग जरा खालच्या आवाजात, "तोवर तेवढे खिसे बंद करून टाका, काकू." एका वाक्याने माणसं बदलत नाहीत. दोन-चार लागतात.

मेकअपच्या खोलीत नायिका उभी राहिली आणि काकू स्टुलावर बसून खिशाचं तोंड शिवायला लागल्या. एक टाका घातला. दुसऱ्याला हात थांबला.

"राहू द्या ना, काकू," नायिका म्हणाली. "मला बरे वाटतात खिसे. खरं सांगू का? मी हात का हलवतेय ते मलाच कळत नाही. सर म्हणतात, घाबरल्यामुळे. तुमची मुलगी घाबरल्यावरच करायची ना?"

काकू चोवीस वर्षं आई होत्या, आणि कधी विचारलं नव्हतं. "विचारून सांगते," त्या म्हणाल्या.

घरी पोचल्यावर चपला काढायच्याही आधी त्यांनी विचारलं, "ठकी, तुला खिसे कशाला हवे होते गं?"

ठकी बशीत बिस्किटं मांडत होती. "हात ठेवायला."

"हलू नयेत म्हणून?"

"हो." तिने मान वर केली. "तुला माहीत नव्हतं? तूच तर शिवलेस."

"मला वाटलं, चाव्यांसाठी."

"अकरा ड्रेस. बावीस खिसे. चाव्या दोन आहेत," ठकी म्हणाली. "मला वाटलं, तुला तेच आवडतं. तू डॉक्टरांना केक दिलास."

काकू दारातच खाली बसल्या आणि ढसाढसा रडल्या. ठकीला रडण्याचा आवाज सोसत नसे. तिने टॉवेल आणला, आईच्या पायाशी ठेवला आणि चार पावलं मागे जाऊन उभी राहिली. ती निघून मात्र गेली नाही.

"चुकलं माझं, बाळा," काकू म्हणाल्या. "फार चुकलं."

"हो," ठकी म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "चहा गार होतोय."

चहा पिताना काकूंनी नायिकेचा प्रश्न विचारला. ठकीच्या कपाळाला आठ्या पडल्या. "घाबरल्यावर? नाही. घाबरले की मी दगड होते. हात आनंदाचे असतात. आत मावत नाही, मग हातांतून निघतं. ती मुलगी घाबरून करते?"

"सिनेमात तसंच आहे."

"मग ते चूक आहे. चुकीचं पान चिकटवलं तर पुढचं पुस्तक लागत नाही. मी येऊन सांगते."

"तुला सगळे बघतील, ठकी." काकू चटकन म्हणाल्या. एकदा लेकीला दुखवून झालं होतं, आता पुन्हा आपल्याच हाताने लोकांपुढे उभं करायचं? पण ठकीने बॅगेत कानात घालायचा कापूस भरून ठेवलाही होता.

दुसऱ्या दिवशी नायिकेने दिग्दर्शकाला बोलावून आणलं आणि कपडेपटाच्या खोलीत चौघं जमली. ठकी खिशांत हात घालून इस्त्रीच्या टेबलाजवळ उभी राहिली, कारण तिथून दार दिसत होतं. दिग्दर्शकाने वही काढली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुला विशेष काय येतं?"

"मी पुस्तकं चिकटवते."

"खूप वेगाने?"

"नाही. हळू. घाई केली की पानं फुगतात."

"नाही, म्हणजे असं काही, जे आम्हाला कुणालाच जमणार नाही?"

ठकीने नीट विचार केला. "तुम्हालाही जमेल. शिकवते हवं तर."

नायिकेने हसू दाबलं. दिग्दर्शकाने वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं. मग ठकीने घाबरण्याचं आणि आनंदाचं सांगितलं, चहा पिताना सांगितलं होतं तसंच, एक शब्द इकडेतिकडे न करता. नायिका पुढे सरकली. "मला एकदा करून दाखवशील?"

"नाही. ते दाखवायला होत नाही. झालं की होतं." ठकी तिच्या ड्रेसकडे बघत होती. "तुला कशाने होतो?"

"काय?"

"आनंद. आत न मावणारा."

नायिकेला इतक्या मुलाखतींत हे कुणी विचारलं नसावं. "लहानपणी बाबा संध्याकाळी यायचे. गल्लीच्या तोंडाशी सायकलची घंटी वाजवायचे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला.

"मग ती घंटी घ्या," ठकी म्हणाली, आणि दाराकडे निघाली. तिची ग्रंथालयाची वेळ झाली होती.

त्या ड्रेसवरचा एक टाका काकूंनी त्याच दुपारी उसवला. दिग्दर्शकाने बघितलं आणि पुढच्या शॉटची तयारी करायला सांगितलं.

सिनेमा लागायला आठ महिने गेले. तोवर रोज संध्याकाळी प्रश्न होताच, आणि काकू रोज "बघू" म्हणत होत्या. एका दुपारच्या खेळाला मायलेकी गेल्या. कडेची खुर्ची, ठकीच्या कानात कापूस, हात खिशात. काकूंनी शिवलेला ड्रेस पडद्यावर आला तेव्हा ठकी म्हणाली, "खांदा थोडा उतरलाय." तो खरंच उतरला होता.

सिनेमा फार थोर होता असं नाही. निर्मात्याला कुठेतरी चमत्कार हवाच होता, म्हणून मध्येच ती मुलगी अख्खं वर्तमानपत्र एकदा बघून पाठ म्हणून दाखवते. "हे खोटं आहे," ठकी मोठ्याने म्हणाली. पुढच्या रांगेतून "शूऽऽ" आलं. काकूंना लाजही वाटली आणि अभिमानही वाटला.

पण त्या मुलीचे हात सगळा वेळ खिशात होते. गलक्याच्या प्रसंगात ती फडफडली नाही, भिंतीला टेकून दगडासारखी झाली. थिएटरमध्ये कुणी चुळबुळसुद्धा केली नाही. आणि शेवटाकडे, परगावी गेलेली थोरली बहीण परत येते तो प्रसंग आला. मुलगी दारात उभी. गल्लीच्या तोंडाशी सायकलची घंटी वाजली. मागे संगीत नाही, काही नाही. एक हात खिशातून निघाला. मग दुसरा. टाचा उचलल्या गेल्या, आणि हात सुटले.

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

एवढं करून शेवटी तेच! ठकीकडे बघायची काकूंना हिंमत होईना. ठकी अर्धी उठली, मागे वळली, सगळ्या रांगा नीट बघितल्या आणि पुन्हा बसली.

"एकच जण," ती म्हणाली. "आणि शेजारची बाई त्याला कोपराने ढोसतेय. बाकीचे नाही हसले."

"हो गं," काकू म्हणाल्या. त्यांना 'नाही, कुणीच हसलं नाही' असं म्हणायचं होतं, पण हिशेब ठकीचा बरोबर होता.

त्या संध्याकाळी ठकीने तो रोजचा प्रश्न विचारला नाही, आणि हे चांगलं की वाईट ते काकूंना समजेना.

सकाळी त्या मशिनवर बसल्या. शेजारणीच्या पडद्यांना निळा दोरा हवा होता, म्हणून रिकामी बॉबिन लावली आणि चाक फिरवलं. चकती गरगरायला लागली. ठकी कामाला निघताना दारात थांबलेली त्यांना जाणवली. काकूंनी मान वर केली नाही. त्यांना भीती वाटत होती, की बघितलं तर थांबेल. दोरा चढत गेला. मग पाठीमागून, जवळजवळ सहा वर्षांनी, बारीकसा 'ई' असा सूर आला, आणि फरशीवर पडलेल्या उन्हात दोन हातांची सावली हलायला लागली.

बॉबिन भरली. काकूंनी ती काढली, सगळा दोरा उलगडला, आणि डोळ्यांना दिसत नव्हतं तरी चाचपडत पुन्हा लावली आणि पुन्हा भरायला घेतली.

"ठकी," त्या खाली बघतच म्हणाल्या, "तुझे सगळे खिसे शिवून बंद करून टाकू का गं आता?"

सावली थांबली नव्हती.

"वेडी आहेस का?" ठकी म्हणाली. "चावी कुठे ठेवू?"